जुनी कानस, टॅप, रीमर, हॅक्सॉ : ओळख आणि वय ठरवण्याबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा बंद पडलेल्या वर्कशॉपच्या भंगारात धातू कापायची जी हातअवजारे मिळतात, त्यांच्याबद्दलचे हे प्रश्न आहेत. टॅप आणि डाय म्हणजे आटे पाडायची अवजारे, टॅप भोकात आणि डाय दांड्यावर; रीमर म्हणजे भोक नेमक्या मापाचे करणारे; हॅक्सॉ म्हणजे धातू कापायची करवत. लाकूडकामाचे रंधे-पटाशी आणि मोजमापाची अवजारे यात धरलेली नाहीत. ठशांवरची अक्षरे येथे देवनागरीत दिली आहेत; अवजारावर ती अर्थातच रोमन असतात.

अवजारावर साल नसेल तर वय कसे ठरवायचे?

साल बहुतेक अवजारांवर नसतेच. ठसा, पत्ता, आट्यांचा प्रकार, पोलाद असा प्रत्येक धागा दोनपैकी एकच गोष्ट सांगतो: "याच्या आधीचे नाही" किंवा "याच्या नंतरचे नाही". कागदावर दोन रकाने आखा, डावा "आधीचे नाही"चा आणि उजवा "नंतरचे नाही"चा, आणि मिळेल तो धागा योग्य रकान्यात लिहा. दोन्ही बाजूंनी आवळत जे अंतर उरते, तेच वय. ते पंधरा-वीस वर्षांचे उरले तरी काम चांगले झाले असे समजा.

दोन्ही रकाने सारखे भरवशाचे नसतात. "आधीचे नाही" हा पुरावा पक्का असतो, कारण जी गोष्ट अजून अस्तित्वातच नव्हती ती कोणी ठोकू शकत नाही. "नंतरचे नाही" हा मात्र सैल. कारखान्यात ठशाचा पंच झिजेपर्यंत वापरतात, जुन्या पत्त्याची खोकी संपेपर्यंत संपवतात. त्यामुळे या बाजूला नेहमी काही वर्षांची सूट ठेवावी.

हातात घेतल्यावर सर्वांत आधी काय करायचे?

घासायचे नाही. सँडपेपर, वायर ब्रशचे चाक, ग्राइंडर सगळे लांब ठेवा. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चिकट तेल आणि धूळ पुसा आणि सर्व बाजूंचे फोटो काढा. मग दहापट भिंग, व्हर्निअर, आट्यांमधले अंतर तपासायचे पिच गेज (जुन्या ब्रिटिश इंची आट्याची म्हणजे व्हिटवर्थची आणि मेट्रिक अशी दोन्ही पाने असलेले), टॉर्च आणि साधा पांढरा खडू घेऊन बसा.

ठसे कुठे शोधायचे ते अवजारावर अवलंबून असते. कानशीवर दाते संपतात त्या टाचेपाशी आणि टँगवर, म्हणजे मुठीत जाणाऱ्या निमुळत्या शेपटीवर. मूठ सैल असेल तर काढून बघा, टँगवरचे अक्षर मुठीखाली जसेच्या तसे राहिलेले असते. टॅप-रीमरवर दांड्यावर, चौकोनी डोक्याच्या खाली. पत्रा कातरीवर पिव्हटच्या बोल्टभोवती. हॅक्सॉवर फ्रेमच्या पाठीवर किंवा मुठीच्या बाजूला.

ठसा अर्धवट दिसतो. वाचायचा कसा?

खोली अंधारी करा आणि टॉर्च अवजाराला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. चारी दिशांनी फिरवा; एका कोनात अक्षर उठून दिसते. नाही दिसले तर खडूची पूड चोळून वरचे बोटाने पुसा, पूड खोलगट भागात राहते. तिसरा उपाय म्हणजे पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी घासणे. गंज जाड असेल तर आधी गंज काढायची कृती (खाली दिली आहे) करा, मग पुन्हा पाहा.

नाव सापडले, पण ते कारखान्याचे की मालकाचे?

हा घोटाळा फार होतो. कारखान्याचा ठसा एकाच पंचाने बसतो. सगळी अक्षरे एका ओळीत, सारख्या खोलीची, अंतर मापून ठेवल्यासारखे. फिटरने स्वतःची आद्याक्षरे सुट्या लेटर पंचांनी एकेक करून ठोकलेली असतात: एक अक्षर तिरके, दुसरे खोल, तिसऱ्याची एकच बाजू उमटलेली. आपली कानस शेजारच्या बाकावर जाऊ नये म्हणून केलेली ती खूण असते. निर्मात्याच्या यादीत ती आद्याक्षरे शोधण्यात वेळ घालवू नका.

माझ्या कानशीवर "१९३१" असे स्पष्ट कोरलेले आहे. म्हणजे ती त्या वर्षीची ना?

नाही. आकड्याच्या आधी "आय. एस." आहे का ते भिंगाने पाहा. आय. एस. १९३१ हा इंजिनिअर्स फाइल्सचा, म्हणजे कारखान्यातल्या कानशींचा भारतीय मानक क्रमांक आहे. विक्रेते तो आकडा दाखवून "इंग्रजांच्या काळातली" म्हणून दुप्पट भाव सांगतात. काही जण तर मनापासून तसे समजतात. भारतीय मानक संस्थाच १९४७मध्ये स्थापन झाली, त्यामुळे असा क्रमांक असलेली कानस स्वातंत्र्यानंतरचीच. हॅक्सॉच्या पात्यावरचा आय. एस. २५९४ हा आकडा निदान सालासारखा दिसत नाही, म्हणून तिथे कोणी फसत नाही.

आय.एस.आय. चिन्हाचेही तसेच. १९८७मध्ये संस्थेचे रूपांतर भारतीय मानक ब्युरोत झाले तरी चिन्हावर आय.एस.आय. हीच अक्षरे राहिली. म्हणजे ते चिन्ह "स्वातंत्र्यानंतरचे" एवढेच सांगते, "१९८७पूर्वीचे" असे सांगत नाही.

देशाच्या नावावरून काय कळते?

बरेच काही. ब्रिटनचा १८८७चा व्यापारचिन्ह कायदा आणि अमेरिकेचा १८९०चा आयात-जकात कायदा यांनंतर मालावर देशाचे नाव घालण्याची पद्धत रुजली. देशाचे नाव नसणे हा मात्र पुरावा नाही. घरच्या बाजारासाठी केलेल्या मालावर ते पुढेही नसायचे.

"वेस्ट जर्मनी" असेल तर १९४९ ते १९९०. "ऑक्युपाइड जपान" असेल तर महायुद्ध संपल्यापासून १९५२पर्यंत. "यू.एस.एस.आर." १९९१ला संपते आणि "चेकोस्लोव्हाकिया" १९९२ला. नुसते "जर्मनी" असेल तर ते युद्धापूर्वीचे असेल किंवा १९९०नंतरचे, आणि मधल्या काळातही काहींनी नुसते "जर्मनी" लिहिलेच. तिथे दुसरा धागा शोधावा लागतो. "डी.आर.पी." किंवा "डी.आर.जी.एम." ही जर्मन पेटंट-नोंदणीची अक्षरे सोबत असतील तर माल साधारण १९४५पूर्वीचा धरावा.

खोक्यावरचा पत्ता उपयोगी आहे का?

अवजारापेक्षाही जास्त. भंगारवाला खोके फेकून देत असेल तर थांबवा. भारतात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. त्याआधी मुंबईच्या पत्त्यात विभागाचा छोटा आकडा असे: "बॉम्बे-२२" म्हणजे शीव, जे पुढे "बॉम्बे ४०० ०२२" झाले. बॉम्बेचे मुंबई १९९५मध्ये, मद्रासचे चेन्नई १९९६मध्ये, कॅलकट्टाचे कोलकाता २००१मध्ये झाले. अमेरिकन पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर माल १९६३नंतरचा.

किमतीची चिठ्ठी असेल तर ती जपा. "नये पैसे" हा शब्द १ एप्रिल १९५७ ते मे १९६४ एवढाच काळ चालला. रुपये-आणे असेल तर त्याआधीचे. सात वर्षांची इतकी नेमकी खिडकी दुसरा कोणताच धागा देत नाही.

रेल्वेची अक्षरे किंवा बाणाची खूण दिसते. त्याचा अर्थ काय?

"जी.आय.पी.आर." म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जिचे परळ वर्कशॉप मुंबईत होते. "बी.बी. अँड सी.आय." म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया. ५ नोव्हेंबर १९५१ला या दोन्हींचे अनुक्रमे मध्य आणि पश्चिम रेल्वेत विलीनीकरण झाले. त्यामुळे ही जुनी अक्षरे असलेले अवजार १९५१पूर्वीचे. उलटे मात्र खरे नाही: पश्चिम रेल्वेचा ठसा असलेले अवजार १९५१पूर्वीही बनलेले असू शकते, कारण स्टोअरमधला जुना माल नव्या नावाने पुन्हा ठोकला जातो. मालकाचा ठसा मालकी केव्हा होती ते सांगतो, अवजार केव्हा बनले ते नाही.

तीन रेघांचा, कोंबडीच्या पावलासारखा बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. सोबत "आय" असेल तर हिंदुस्थान सरकारची. लष्करी मालावर बाणाशेजारी बऱ्याचदा साल असते, आणि ज्या मोजक्या ठिकाणी सालावर थेट विश्वास ठेवता येतो त्यातले हे एक.

"कास्ट स्टील" लिहिले आहे. म्हणजे बिडाचे?

बीड नव्हे. मुशीत वितळवून ओतलेले उत्तम पोलाद, जे इंग्लंडमधल्या शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात सुरू केले. हा शब्द एकोणिसाव्या शतकभर आणि विसाव्याच्या सुरुवातीलाही अभिमानाने ठोकला जायचा. एकट्या या शब्दावर वय ठरत नाही, पण तो असेल तर अवजार जुने असण्याची शक्यता चांगली.

कानस हाताने कापलेली आहे की मशीनने, हे कसे ओळखायचे? आणि त्यावरून वय ठरते का?

दाते भिंगाखाली धरा आणि एका ओळीतले दहा दाते सावकाश पाहा. मशीनच्या कानशीत अंतर, खोली आणि तिरकेपणा घड्याळासारखा. हाताच्या कापात छिन्नीचा प्रत्येक घाव वेगळा असतो: एखादा दाता किंचित जवळ, एखादा कडेपाशी उथळ, रेघा मधूनच नकळत कोन बदलणाऱ्या. कारागीर नवा घाव घालताना छिन्नी आधीच्या दात्याच्या उठलेल्या कडेला टेकवून अंतर ठरवायचा, म्हणून चूक झाली की ती पुढच्या चार-पाच दात्यांपर्यंत वाहत जाते आणि मग हळूच दुरुस्त होते. हा लहरीसारखा चढउतार दिसला की हात ओळखावा.

एक बाजू कापून झाली की कानस उलटी करायची. कापलेले दाते ऐरणीवर चिरडू नयेत म्हणून खाली शिशाचा तुकडा ठेवत. त्या शिशापायी शेफिल्डच्या कानस-कारागिरांना शिसबाधा व्हायची, हे त्या धंद्याचे कुप्रसिद्ध दुखणे होते.

वयाबद्दल सांगायचे तर अमेरिकेत विल्यम निकल्सनने १८६४मध्ये प्रॉव्हिडन्सला कारखाना काढून मशीनची कानस चालवून दाखवली. शेफिल्डमध्ये हाताचे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकले. म्हणून हातकाप अमेरिकन कानस बहुधा खूप जुनी, हातकाप शेफिल्ड कानस तितकी जुनी असेलच असे नाही. आणि आपल्याकडे तर बोथट कानस पुन्हा कापून घेण्याची चाल होती. अशी कानस ओळखायची खूण: त्याच मापाच्या दुसरीपेक्षा ती पातळ असते, निर्मात्याचा ठसा घासून अर्धा उडालेला असतो, आणि टाचेपाशी किंवा कडेला जुन्या दात्यांच्या सावल्या राहिलेल्या असतात. तेव्हा हातकाप दाते नव्याही काळातले असू शकतात, कानस मात्र जुनी.

कानशीची लांबी कशी मोजतात?

टाचेपासून टोकापर्यंत, टँग सोडून. टँगसकट मोजून "चौदा इंची" म्हणणारे बरेच भेटतात.

कानशींचे कोणते ब्रँड भेटतात आणि त्यांचा काळ कोणता?

निकल्सनच्या ठशासोबत "यू.एस.ए." असेल तर जुना माल, ब्राझील किंवा मेक्सिको असेल तर अलीकडचा. १९७२मध्ये कंपनी कूपर इंडस्ट्रीजने घेतली तरी नाव तेच चालू राहिले. "ब्लॅक डायमंड" हे नाव मुळात फिलाडेल्फियाच्या जी. अँड एच. बार्नेटचे, पुढे निकल्सनने ते विकत घेतले. बार्नेटचे नाव सोबत असेल तर ती कानस जुन्या घराण्यातली. ब्रँड कंपनीपेक्षा जास्त जगतो, म्हणून ब्रँडच्या शेजारची बारीक अक्षरे जास्त महत्त्वाची.

भारतीय कानशींमध्ये जे. के. हे नाव सर्वत्र. रेमंड समूहाने हे उत्पादन ठाण्यात १९५०च्या सुमारास सुरू केले. रत्नागिरी आणि चिपळूणचे कारखाने नंतरचे. तेव्हा "आजोबांनी १९४०मध्ये घेतलेली जे. के.ची कानस" ही आठवण दहा वर्षे पुढे सरकवावी लागते.

टॅपवर फक्त "१/२" लिहिले आहे. कोणता आटा?

टॅप आणि डायच्या बाबतीत आटा हाच सर्वांत बोलका पुरावा आहे, म्हणून इथे घाई करू नका. पिच गेजचे पान आट्यात बसवून उजेडासमोर धरा. पान आणि आटा यांमधून उजेड येता कामा नये. मग कोन: व्हिटवर्थ ५५ अंश, अमेरिकन आणि मेट्रिक ६० अंश, बी.ए. (ब्रिटिश असोसिएशनचा बारीक स्क्रूंचा आटा) साडेसत्तेचाळीस अंश.

अर्ध्या इंचाच्या टॅपवर इंचाला १२ आटे असतील तर बी.एस.डब्ल्यू. (म्हणजे व्हिटवर्थ), १३ असतील तर अमेरिकन कोर्स (जाड), १६ असतील तर बी.एस.एफ. (ब्रिटिश बारीक), २० असतील तर अमेरिकन फाइन (बारीक). अर्धा इंच हे सोपे माप आहे. पाव इंचाला व्हिटवर्थ आणि अमेरिकन कोर्स दोन्हींचे २०च आटे, ५/१६ला दोन्हींचे १८, ३/८ला दोन्हींचे १६. तिथे फक्त कोनच फरक सांगतो. चुकीचा टॅप या मापांत आत जातोही, पण बोल्ट कुरकुरत बसतो आणि दोन-चारदा काढला की आटे झिजतात.

आता साले. व्हिटवर्थचा आटा १८४१चा, अमेरिकेतला सेलर्सचा १८६४चा, बी.ए. १८८४चा, बी.एस.एफ. १९०८चा. अमेरिकन टॅपवर "यू.एस.एस." (यू.एस. स्टँडर्ड) असेल तर तो जुना, "एन.सी." किंवा "एन.एफ." (नॅशनल कोर्स, नॅशनल फाइन) असेल तर दोन महायुद्धांच्या आगेमागे, आणि "यू.एन.सी." किंवा "यू.एन.एफ." (युनिफाइड कोर्स, युनिफाइड फाइन) असेल तर नक्की १९४८नंतरचा, कारण अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने समान आटा तेव्हा ठरवला.

भारतात मोजमापाचा दशमान कायदा १९५६चा, पण बी.एस.डब्ल्यू.चे टॅप आपल्याकडे आजही बनतात आणि विकले जातात. इंची माप पाहून "साठ सालापूर्वीचा" असे ठरवणे ही भारतीय मालाबाबतची सर्वांत मोठी चूक.

तीन टॅपचा संच पूर्ण आहे का?

दांड्यावरच्या रिंगा मोजा. जर्मन पद्धतीच्या संचात एक रिंग पहिल्यावर, दोन दुसऱ्यावर, तिसरा बिनरिंगचा. रिंगा नसतील तर टोकाचा उतार बघा: पहिल्यावर तो लांब, शेवटच्यावर जेमतेम एक-दोन आट्यांचा. नावांत एक खोच आहे. ब्रिटिश संचात "प्लग" म्हणजे शेवटचा, तळापर्यंत आटे पाडणारा. अमेरिकन संचात "प्लग" म्हणजे मधला. शेफिल्डचे दोन आणि अमेरिकेचा एक टॅप एका डबीत घालून "पूर्ण संच" म्हणून विकलेला असतो, तो असा पकडता येतो.

अमेरिकन टॅपवर "जी.टी.डी." असेल तर ग्रीनफील्ड टॅप अँड डाय, म्हणजे १९१२नंतरचे. वेल्स ब्रदर्स आणि वायली अँड रसेल या दोन कंपन्या तेव्हा एकत्र आल्या. त्यांची स्वतंत्र नावे असतील तर बहुधा १९१२पूर्वीचे.

हाय स्पीड स्टील की कार्बन स्टील?

"एच.एस." किंवा "एच.एस.एस." (हाय स्पीड स्टील, म्हणजे तापले तरी धार टिकवणारे पोलाद) ठोकलेले असेल तर माल १९००नंतरचा, टेलर आणि व्हाइट यांनी हे पोलाद तेव्हाच जगासमोर आणले. ठसा नसेल तर ठिणगी पाहतात. कार्बन पोलादाची ठिणगी पिवळी-पांढरी, दाट, फुलबाजीसारखी फुटणारी. हाय स्पीडची मंद लालसर, विरळ आणि न फुटणारी. ठिणगी तुटक्या तुकड्यावरच काढा. ड्रिलच्या दांड्यावर काढू नका, कारण मोठ्या ड्रिलचा दांडा अनेकदा साध्या पोलादाचा जोडलेला असतो आणि तुम्ही दांड्याचाच निकाल लावून बसता. कार्बन पोलाद ग्राइंडरवर निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरले, हेही लक्षात ठेवा.

हॅक्सॉच्या फ्रेमवरून काळ कळतो का?

ढोबळ कळतो. कानशीसारखी सरळ लाकडी मूठ जुनी, पिस्तुलासारखी मूठ नंतरची. पात्यावर "बाय-मेटल" (दोन धातू जोडलेले) असेल तर ते युद्धोत्तर. "एक्लिप्स" हे शेफिल्डच्या जेम्स नील कंपनीचे नाव. कंपनी १८८९ची, पण ब्रँड आजही चालू आहे.

पत्रा कातर?

"पेक्सटो" म्हणजे पेक, स्टो अँड विल्कॉक्स, १८७०पासून. "विस" न्यूआर्कची, १८४८पासून. पात्याच्या कडेला बारीक सांधा दिसला तर घाबरू नका, तो तडा नाही. नरम अंगाला कडक पोलादाची पट्टी जोडायची ती जुनी पद्धत. लाल-हिरव्या-पिवळ्या मुठींच्या, दुहेरी तरफेच्या कातरी विमानबांधणीतून आलेल्या, म्हणून नंतरच्या.

पेटंटची तारीख म्हणजे बनवल्याची तारीख का?

नाही. ती फक्त "आधीचे नाही" सांगते. अमेरिकन पेटंट मंगळवारी दिली जातात, त्यामुळे अर्धवट वाचलेली तारीख पडताळता येते. तीन आहे की आठ अशी शंका असेल तर जुने कॅलेंडर काढा आणि मंगळवार कोणता येतो ते पाहा.

नकली माल कसा ओळखायचा?

मोठ्या नावाचे एखादे अक्षर बदललेले असते, किंवा देशाच्या नावानंतर बारीक अक्षरात "टाइप" किंवा "पॅटर्न" असते. "मेड इन यू.एस.ए."चा उल्हासनगरी अर्थ (उल्हासनगर सिंधी असोसिएशन) मुंबईकरांना सांगायला नको.

गंज कसा काढायचा?

कानशी आणि टॅपसाठी घरचा पांढरा व्हिनेगर, १२ तास, जास्तीत जास्त २४. दर चार तासांनी काढून नायलॉनच्या ब्रशने घासा. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, नाहीतर उरलेल्या आम्लाने तासाभरात नवा गंज चढतो. गरम पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि तेल लावा. पाणी दिलेले कडक पोलाद आम्लातून काढल्यावर काही काळ ठिसूळ असू शकते, म्हणून दिवसभर त्यावर जोर देऊ नका.

ठसा नाजूक असेल तर विजेची पद्धत बरी, कारण तिने चांगले लोखंड खाल्ले जात नाही. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, अवजार ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा पत्रा धन टोकाला. स्टेनलेसचा पत्रा वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम गच्चीत किंवा अंगणात करा.

हे सगळे धागे एकत्र कसे लावायचे? एखादे उदाहरण?

समजा, एक अर्ध्या इंची हँड रीमर खोक्यासह मिळाला. दांड्यावर "डॅगर" आणि "एच.एस.एस.", खोक्यावर इंडियन टूल मॅन्युफॅक्चरर्स, "बॉम्बे-२२". चौकोनी डोक्यापाशी सुट्या पंचांनी ठोकलेले "डब्ल्यू.आर.". खोक्याच्या आतल्या चिठ्ठीवर किंमत नये पैशांत.

कंपनी १९३७ची, म्हणून डाव्या रकान्यात १९३७. "डब्ल्यू.आर." पाहून १९५१ लिहायचा मोह होतो, पण ती पश्चिम रेल्वे असली तरी मालकाची खूण आहे, आणि अक्षरे सुटी असल्याने ती एखाद्या फिटरची आद्याक्षरेही असू शकतील. तो धागा सोडून द्या. पिन कोड नाही, म्हणून उजव्या रकान्यात १९७२ आणि वर दोन-तीन वर्षांची सूट. एच.एस.एस. आणि इंची माप यांनी काहीच आवळत नाही. नये पैशांची चिठ्ठी मात्र विक्री १९५७ ते १९६४च्या दरम्यान झाल्याचे सांगते, म्हणजे उजवा रकाना एकदम १९६४वर येतो. रीमर दुकानात फार वर्षे पडून राहिला नसेल तर तो पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धातला किंवा साठच्या दशकाच्या सुरुवातीचा. चिठ्ठी त्याच खोक्याची आहे का, एवढे चिकटवलेल्या जागेचा डाग जुळवून बघा.